बाल संगोपन योजना, जेलची मुलाखत आणि गळाभेट: चार वर्षं वापरून झाल्यावर लिहितेय

मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, हॉटेलचा लिहितात, पण ज्याच्या घरातला माणूस आत गेलाय आणि त्याची पोरं आपल्या पदरात आलीत त्याने काय करायचं याचा रिव्ह्यू मला कुठंच सापडला नव्हता, २०२१ मधे मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत बसायचे आणि नुसत्या वकिलांच्या जाहिराती यायच्या. म्हणून म्हणलं आपणच लिहू. जिल्ह्याचं नाव, जेलचं नाव लिहिणार नाही कारण पोरांच्या शाळेतल्या आया पण हे सगळं वाचतात, आणि धाकटीला अजून वर्गात कुणी काही म्हणलेलं नाही, ते तसंच राहू दे.

आधी आमची परिस्थिती सांगते म्हणजे तुमच्याशी जुळते का बघा. मी ब्लाऊज शिवते, फॉल पिको करते, मिस्टर टेम्पोवर. भाऊ २०२१ मधे आत गेला, २०२३ ला शिक्षा लागली. केस काय ते सांगत बसत नाही, त्याने केलं ते केलं, त्याची बाजू घ्यायला मी इथं आलेले नाही. त्याला दोन लेकरं, थोरला तेव्हा नऊ वर्षांचा, धाकटी तीनची. वहिनी वर्षभर थांबली, मग माहेरी गेली आणि तिकडं दुसरं लग्न झालं, तिला मी बोल लावत नाही, एवढी तरुण पोरगी काय करेल. पोरं आमच्याकडं. माझी स्वतःची एक मुलगी आहेच. म्हणजे दोन खोल्यांत सहा माणसं, आईला धरून.

पहिली दोन वर्षं आम्ही कुठलीच योजना वापरली नाही कारण काही असतं हेच माहीत नव्हतं. हे पहिलंच लिहून ठेवते. पोलीस स्टेशनला कुणी बोललं नाही, कोर्टात कुणी बोललं नाही, जो वकील लावला त्याने सुरवातीलाच साठ हजार घेतले (माझ्या दोन पाटल्या गेल्या त्यात) आणि तारखेला ज्युनिअर पाठवायचा. नंतर कळलं की जो माणूस कोठडीत आहे त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला पण लागत नाही, बाया आणि लहान मुलांना पण तसंच. जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं त्यांचं, १५१०० नंबर पण आहे. फुकटचा वकील म्हणजे बेकार असणार असं सगळे म्हणतात, मी पण म्हणत होते, पण आता अपिलाचं काम बघतोय तो सरकारी पॅनलवरचा पोरगा निदान फोन उचलतो. पाटल्या काय परत येत नाहीत.

तर मूळ रिव्ह्यू, बाल संगोपन योजना. आता तिचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना असं झालंय, ऑफिसात सगळे नुसतं बालसंगोपन म्हणतात. लोकांना वाटतं ही फक्त कोविडमधे आईबाप गेलेल्या मुलांसाठी आहे, मला पण अंगणवाडी ताईने तेच सांगितलं होतं. तसं नाहीये. अनाथ, एकच पालक असलेली, आईबापांचा घटस्फोट झालेला, पालकाला मोठा आजार असलेली आणि आईबाप जेलमधे असलेली मुलंसुद्धा त्यात बसतात. मूल अनाथाश्रमात न टाकता घरात, नातेवाईकाकडं किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढावं म्हणून सरकार महिन्याला पैसे देतं, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. आधी महिन्याला ११०० होते, २०२३ पासून २२५० झालेत. एका मुलाला. ज्या संस्थेमार्फत केस जाते त्या संस्थेला मुलामागं वेगळे २५० मिळतात, ते आपल्यातून कापत नाहीत, हे मुद्दाम सांगते कारण आमच्या गल्लीत एका माणसाने "फाईल करून देतो, पहिला हप्ता माझा" अशी दुकानदारी चालवलेली. फॉर्मला एक रुपया लागत नाही. झेरॉक्सला लागतो, तो भरपूर लागतो.

मला हे कळलं कुठं तर जेलच्या बाहेरच्या रांगेत. मुलाखतीच्या, म्हणजे आतल्या माणसाला भेटायच्या रांगेत एक आजी भेटायच्या, लाल काठाचं लुगडं, हातात नेहमी एक फुटाण्याची पुडी. त्यांची सून आत आणि सुनेबरोबर नातू पण आत, आतच वाढलेला. आईबरोबर लेकराला सहा वर्षांपर्यंत ठेवता येतं, त्यानंतर बाहेर काढावंच लागतं, सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल आहे त्यावर, आत पाळणाघर पाहिजे, दूध पाहिजे, जन्म आत झाला तरी दाखल्यावर जेलचं नाव टाकायचं नाही असं सगळं त्यात आहे. आजींचा नातू पुढच्या महिन्यात सहाचा होणार होता. आजी म्हणाल्या, "बाई, त्याने कुत्रं बघितलेलं नाय अजून जवळून, रस्ता कसा वलांडायचा म्हाईत नाय, ह्याला मी घेऊन कुठं जाऊ." त्यांना एका संस्थेच्या ताईने बालसंगोपनचा फॉर्म भरून दिला होता, तो प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून पोटाशी ठेवलेला. मी तिथंच उभ्या उभ्या मोबाईलमधे फोटो काढणार तर मोबाईल बाहेर पानटपरीवर दहा रुपये देऊन ठेवलेला. मग पाठ केलं. घरी येईपर्यंत अर्धं विसरले.

कागदं सांगते, आम्हाला जी लागली ती. अर्ज, माझं आणि पोरांचं आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, शाळेचं बोनाफाईड, पासबुक (मुलाच्या आणि माझ्या नावाने जॉइंट खातं), जेलमधून भाऊ तिथं असल्याचा दाखला, आणि मुलांसोबत आमचा घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. जेलचा दाखला काढायलाच आम्हाला दीड महिना गेला कारण अर्ज कुणाच्या नावाने करायचा तेच कुणी सांगेना, शेवटी भावानेच आतून तिथल्या ऑफिसात अर्ज दिला आणि चार दिवसात झालं. म्हणजे ज्यांचं हे काम राहिलंय त्यांनी आपल्या माणसालाच मुलाखतीत सांगा, तो आतून जास्त लवकर हलवतो. आधारवर धाकटीचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव वेगळं होतं, एका अक्षराचा फरक, त्यात परत वीस दिवस.

मग गृहभेट, म्हणजे पोरं कशी राहतात ते घरी येऊन बघतात. त्या कामाच्या बाईंनी फोन केला की उद्या येते, तर मी सकाळी पाचला उठून घर पुसलं, शेजारून दोन खुर्च्या आणल्या, मशीनवरचे सगळे ब्लाऊजचे कपडे पलंगाखाली कोंबले. शेजारणीला सांगितलं एलआयसीवाली येणारे. त्या बाई आल्या आणि सरळ खाली सतरंजीवर बसल्या, खुर्च्या तशाच. विचारलं काय तर कोण कुठं झोपतं, थोरला शाळेतून आल्यावर काय खातो, धाकटी रात्री उठते का, माझ्या मुलीला या दोघांचा राग येतो का. शेवटचा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. माझी मुलगी तेव्हा अकराची, ती दारामागून ऐकत होती आणि ती बाहेर येऊन म्हणाली हो येतो, माझी स्केचपेनं घेतात. बाईंनी लिहून घेतलं. स्केचपेनं सुद्धा लिहून घेतली असतील काय माहीत.

याच ताईंनी आम्हाला एक गोष्ट सोडायला लावली. आम्ही धाकटीला सांगितलेलं, पप्पा दुबईला गेलाय. सगळेच सांगतात, कुणी दुबई, कुणी गुजरातला कंपनीत. तिला आम्ही मुलाखतीला पण न्यायचो, काचेपलीकडं पप्पा, कानाला फोन, दारात पोलीस, आणि तिने एकदा रिक्षात मोठ्याने विचारलं, आत्या दुबईत सगळ्यांनाच काचेत ठेवतात का. रिक्षावाला पण गप. ताई म्हणाल्या खोटं सांगू नका, तिला सगळी केस सांगायची गरज नाही, एवढंच सांगा की पप्पाकडून चूक झाली, मोठ्यांकडून चूक झाली की कोर्ट ठरवतं आणि त्याला तिथं राहावं लागतं, तुझ्यामुळं नाही गेला, आणि तो केव्हा येईल ते आम्हाला कळलं की तुला सांगू. मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं, तिथं त्याला पोळी कोण करून देतं. एवढंच. थोरल्याला मात्र जास्त राग आला, आमच्यावर, की तुम्ही तिला दोन वर्षं येड्यात काढलं आणि मला पण तेच बोलायला लावलं.

बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं पोरांना. त्याची मला भयंकर भीती होती, कोर्ट कोर्ट म्हणून. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात एक तरी बाई पाहिजेच असा नियम. काळा कोट वगैरे काही नाही, टेबल, पंखा, कोपऱ्यात एक घसरगुंडी प्लास्टिकची जिच्यावर फाईली ठेवलेल्या. थोरल्याला मॅडमनी विचारलं तुला कुठं राहायचंय. तो म्हणाला आत्याकडंच, पण तिने मला सारखं भाजी आणायला पाठवू नये. सगळे हसले, मी लाजेने मेले. पण सांगते, त्या पोराला दोन वर्षात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तुझं काय म्हणणं आहे. बाप आत जाताना नाही विचारलं, आई गेली तेव्हा नाही, आमच्याकडं आणला तेव्हा आम्ही पण नाही विचारलं, उचलून आणला. माझ्या मते या सगळ्या योजनेतली सगळ्यात भारी गोष्ट ती पाच मिनिटं आहेत, पैसे नंतर.

पैशाचं आता. समितीचा आदेश झाला आणि मग काहीच नाही. सात महिने काहीच नाही. मी आठवड्याला खात्यात बघायचे, मिस्टर म्हणायचे सोड, सरकारी आहे. आणि एक दिवस एकदम सात महिन्यांचे आले, दोघांचे मिळून ३१,५००. हप्ता दरमहा येईल या हिशोबाने राहू नका, आमच्याकडं तरी तो असा ढेकळाढेकळाने येतो. किराणा त्याच्यावर लावू नका. आम्ही ते वेगळं ठेवतो, त्यातून थोरल्याची शिकवणी, सायकल, धाकटीच्या कानाचं औषध, आणि स्केचपेनांचा मोठा बॉक्स माझ्या मुलीला, तो तिचा तिला. २२५० मधे एक पोर वाढत नाही, कुणाचंही वाढत नाही, पण मला शिलाईत महिन्याला चार ब्लाऊज कमी शिवावे लागले आणि ते दोन तास मी पोरांशेजारी बसले.

केंद्राची मिशन वात्सल्यची पण एक आहे, स्पॉन्सरशिप म्हणतात, त्यात ४००० मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा आहे, गावात वर्षाला ७२ हजार आणि बाकी ठिकाणी ९६ हजार. आमचं टेम्पोमुळं बसलं नाही. एका पोराला दोन्ही एकदम देत नाहीत असं ऑफिसात सांगितलं, तर आधी त्याची चौकशी करा आणि मग हा फॉर्म भरा, आमच्यासारखं उलटं करू नका. फॉस्टर केअर म्हणजे प्रतिपालकत्व हे अजून वेगळं, त्यात मूल साधारण नात्याबाहेरच्या कुटुंबाकडं जातं, २०२४ च्या नव्या नियमांत एकटी बाई किंवा एकटा माणूस पण घेऊ शकतो, वय ३५ च्या वर पाहिजे, आणि दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तक पण मागता येतं, आधी पाच वर्षं लागायची. माझी एक शाळासोबती आहे, लग्न केलं नाही, नर्स आहे, ती विचार करतेय. मी तिला म्हणलं आधी आमच्याकडं येऊन एक रविवार राहा, मग फॉर्म भर.

स्टार द्यायचे तर बालसंगोपनला साडेतीन. अर्धा त्या स्केचपेनवाल्या ताईंचा आहे. पैसे वेळेवर आले असते तर पाच दिले असते.

आता मुलाखत. प्रत्यक्ष मुलाखत म्हणजे पहाटे चारची एसटी, नऊला रांग, नाव नोंदवा, आधार दाखवा, पिशवी तपासा, मग काच आणि फोन, आमच्या वेळी वीसेक मिनिटं. त्यात पहिली पाच मिनिटं "ऐकू येतंय का" मधे जातात. फोनची तार तुटलेली असली की दोघं एका रिसीव्हरला कान लावतात. पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी पाणी, बिस्किटं आणि एक जास्तीची चड्डी घेऊन जा, बाहेर बसायला सावली असेलच असं नाही, संडास कुठाय ते आधी विचारून ठेवा. बाहेरच्या चहावाल्याला सगळे नियम माहीत असतात, कुठल्या खिडकीवर काय, कुठला कपडा आत जातो आणि कुठला परत येतो, खिडकीवरच्या माणसापेक्षा तो नीट सांगतो. त्याला पाच स्टार. चहा मात्र पाणचट.

ई-मुलाखत म्हणजे व्हिडिओवरची, ई-प्रिझन्सच्या साइटवर नोंदणी करायची, आपलं नाव, त्याचं नाव, जेल निवडायचं, ओटीपी येतो, मग वेळ आणि लिंक येते. फुकट आहे. कोविडमधे प्रत्यक्ष भेटी बंद होत्या तेव्हा यानेच तारलं. माझ्यासारखीला पहिल्यांदा जमत नाही, थोरल्याने केलं सगळं, नऊ वर्षांचं पोर बापाचं नाव, वय, कैदी प्रकार असं भरत बसलेलं, ते बघून आई उठून बाहेर गेली. आमच्या इथं रेंजचा प्रॉब्लेम, तर आम्ही गच्चीवर जातो आणि शेजारच्या गच्चीवर कुणी पापड वाळवायला आलं की व्हिडिओ बंद करून नुसतं बोलतो. एक मात्र आहे, व्हिडिओवर धाकटी जास्त बोलते. काचेसमोर ती गप्प व्हायची, मोबाईलवर ती त्याला सगळं घर फिरवून दाखवते, मांजराची पिल्लं, तिची वही, माझी मशीन, डब्यात काय केलंय. एसटीचे पैसे वाचतात, दिवसाची मजुरी वाचते. चार स्टार. पण फक्त याच्यावर राहू नका, दोन तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष न्या, कारण मोबाईलमधला बाप आणि कार्टून यात लहान पोराला फार फरक वाटत नाही, धाकटी एकदा मधेच "आता बास" म्हणून त्याला कट करून गेली.

आणि गळाभेट. महाराष्ट्रातल्या काही जेलांमधे हा कार्यक्रम करतात, शिक्षा लागलेल्या कैद्यांच्या सोळा वर्षांखालच्या मुलांना आत सोडतात, काच नाही, जाळी नाही, बापाच्या मांडीवर बसायचं. मोठ्यांना आत सोडत नाहीत, म्हणजे हा भाग मी अशा सर्व्हिसचा लिहितेय जी मी बाहेरच्या लिंबाखाली बसून वापरली. धाकटी जायला तयार नव्हती. तिला काचेपलीकडचा पप्पा माहीत होता, काचेअलीकडचा नाही, तिला तो नेमका किती मोठा आहे हेच आठवत नव्हतं. थोरल्याने हात धरून नेली. दोन अडीच तास आम्ही बाहेर, साठ सत्तर माणसं, कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे त्या दाराकडं बघत. एका बाईने मेथीच्या वड्या आणलेल्या, तिने सगळ्यांना एक एक दिली.

बाहेर आल्यावर थोरला म्हणाला पप्पा बुटका झालाय. बुटका कसा होईल, हाच वाढलाय चार बोटं, पण ते त्याला पटेना. धाकटीने सांगितलं की पप्पाच्या हाताला लाकडाचा वास येतो (तो आत सुतारकामाला आहे), त्याने तिचे दात मोजले, आणि तिथं लाडू होता पण तो त्याने खाल्ला नाही, दोन्ही लाडू तिलाच दिले. तिच्या दोन वेण्या मी सकाळी घट्ट घालून पाठवलेल्या, परत आली तर एक वर एक खाली, कुठंतरी भलतीकडं भांग पाडलेला. तिने दोन दिवस मला फणी लावू दिली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून चिठ्ठी आली केस विंचरून पाठवा म्हणून.

याला किती स्टार द्यायचे ते मला ठरवता येत नाही. वर्षातून एकदा दोनदा होतं, कच्च्या कैद्यांच्या पोरांना मिळत नाही, आणि माझा मुख्य राग तिथं आहे. कोर्टात अजून काही ठरलेलं नसतं तेव्हा पोरांनी काचेतून बघायचं आणि गुन्हा शाबित झाला की मग मांडीवर बसायचं. हे उलटं वाटतं का नाही? आमची पहिली दोन वर्षं, धाकटी तीनची पाच झाली ती सगळी काचेत गेली. कच्चे कैदीच तर जास्त असतात जेलात.

ताईंनी एकदा स्वतंत्रपूरचं सांगितलं, सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ, औंध संस्थानच्या वेळी १९३९ मधे सुरू झालेली खुली वसाहत, तिथं निवडलेले कैदी बायकापोरांसकट राहतात, शेती करतात, भिंत नाही. मी म्हणलं असं काही असतं हे मला पंचेचाळीसाव्या वर्षी कळतंय आणि आटपाडी आमच्या मावशीचं गाव, लहानपणी तिथं सुट्टीत जायचो आम्ही, कुणी कधी दाखवलं नाही. सगळ्यांना तिथं पाठवत नाहीत, वागणूक बघतात, शिक्षा किती झाली बघतात. पण ऐंशी वर्षांच्या वर एक गोष्ट चालू आहे आणि तशी दुसरी दहा ठिकाणी का नाही काढली हे मला कुणी सांगावं.

अजून दोन तीन बारीक गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. येरवड्याच्या जेलमधल्या कैद्यांसाठी राज्य सहकारी बँकेने २०२२ मधे जिव्हाळा नावाचं कर्ज सुरू केलं, ५० हजारापर्यंत, सात टक्के व्याज, घरच्यांसाठी वापरायला, फेड त्याच्या आतल्या मजुरीतून. आमचा माणूस तिथं नाही, पण ज्यांचा आहे त्यांनी विचारा, खासगी फायनान्सवाल्याच्या तावडीत जाऊ नका. मुंबईकडच्यांसाठी प्रयास म्हणून आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेचं काम, १९९० पासून, त्यांचे समाजसेवक जेलमधे आणि बाहेर घरच्यांपर्यंत पण जातात, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बहिणीला त्यांनी फार धीर दिला. मुलांबाबत एकदमच अडलं तर १०९८, रात्री पण लागतो. आणि संचित रजा, अभिवचन रजा म्हणजे फर्लो आणि पॅरोल, याचा अर्ज करताना जामीनदार नातेवाईक म्हणून तुमच्याकडं पोलीस चौकशीला येतात, तेव्हा पोरांना आधी सांगून ठेवा की पोलीस येणारेत ते पप्पाला घरी सोडायचं का विचारायला, न्यायला नाही. आमच्याकडं आधी न सांगता आले आणि थोरला मागच्या दाराने पळाला, रात्री साडेआठला देवळात सापडला.

जेलच्या विक्री केंद्राचा पण एक ओळीचा रिव्ह्यू देऊन टाकते. येरवडा, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा ठिकाणी कैद्यांनी बनवलेल्या वस्तू मिळतात, फर्निचर, सतरंज्या, कपडे, दिवाळीत फराळ पण असतो. मी एक चौरंग घेतला, लाकूड चांगलं जड, खिळा कुठं वर आलेला नाही, पॉलिश जरा फासलेलं आहे कडेला. धाकटीने तो हुंगून बघितला आणि म्हणाली हा पप्पाचा नाही, दुसऱ्या कुणाच्या पप्पाचा आहे. गणपतीला वापरतो.

आजी परत भेटल्या मधे. नातू बरोबर होता. तो आता शाळेत जातो, पण दार लागलं की त्याला बरं वाटतं, उघडं राहिलं की उठून लावून येतो, आजी म्हणाल्या सगळ्या पोरांच्या आया वैतागतात दार बंद कर म्हणून आणि माझ्या नातवाला उघडं ठेव म्हणून सांगावं लागतं. फुटाणे होतेच. त्यांचे पैसे आमच्याही आधी चालू झाले, त्या स्वतः ऑफिसात जाऊन बसायच्या म्हणे, काम होईपर्यंत उठायच्याच नाहीत. ही पद्धत मी आता वापरते. भांडायचं नाही, डबा घेऊन जायचं आणि बसायचं.

आमच्या आदेशाची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, परत सगळी कागदं, परत बोनाफाईड, परत उत्पन्नाचा दाखला. थोरला तेरा वर्षांचा झालाय, तो म्हणतो मी घरासमोरच्या फोटोत उभा राहणार नाही, गल्लीतली पोरं बघतात. त्याला म्हणलं सकाळी सहाला काढू, कुणी उठलेलं नसतं. तुम्ही पण सकाळीच काढा. आमच्या दारात दुपारी ऊन तोंडावर येतं, मागच्या वेळच्या फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेत, एकट्या मांजराचे उघडे आहेत, आणि तोच फोटो फाईलला लागलाय.